थोरल्या साहेबांचं डोकं

१

थोरल्या साहेबांचं डोकं शिल्पशाळेच्या फरशीवर पालथं पडलेलं सापडलं, तेव्हा कॉलेजात पहिली ओरड 'पुतळा फुटला' अशी झाली नाही. 'पोरांनी फोडला' अशीच झाली. कुणी बघितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पण खुर्चीवर बसणाऱ्यांना आरोपी आधी सापडतो, गुन्हा काय ते मागून ठरवलं तरी चालतं.

थोरले साहेब म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे स्वर्गवासी वडील. कॉलेज त्यांनीच काढलेलं. त्यांचा मातीचा पुतळा, छातीपर्यंतचा पण जिवंत माणसाच्या दुप्पट, शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी घडवला होता. कशासाठी? तर प्रॅक्टिकल म्हणून. स्वतःचं काम बाजूला ठेवायचं, अध्यक्षांच्या वडिलांच्या मिशा घडवायच्या, आणि खाली सही मात्र विभागप्रमुख सरांची. कुरकुर केली की अंतर्गत गुण कापले जायचे. सर अध्यक्षांचे जावई. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. गावोगावच्या चौकांत सरांचे पुतळे उभे होते आणि सरांच्या भिंतीवर मानपत्रं लटकत होती.

यंदाच्या पोरांनी मात्र हात काढून घेतले. पुतळ्याला कुणी बोट लावायचं नाही, अशी शपथ घेऊन फाटकात धरणं धरलं. पुढे होती एक किडकिडीत मुलगी. मातीवर थापीचे दणके घालावेत तशी बोलायची, म्हणून तिचं नावच पडलं थापी.

आणि आदल्या संध्याकाळी शिल्पशाळेत शिरताना वॉचमननं जिला बघितलं, ती थापीच होती.

"ताई, तू जा," थापीच्या बापानं सकाळी बहिणीला फोन केला. तो संस्थेच्याच शाळेत मास्तर. "दुपारी चौकशी आहे. पालकाला बोलावलंय. मी गेलो तर अध्यक्ष माझ्याकडे बघतील, आणि ते बघायला लागले की माझी मान आपोआप खाली जाते. तिला म्हणावं माफी मागून टाक."

"तिनं फोडलाय का?"

"नाही म्हणते."

"मग माफी कसली? आणि तू रे, रडू नकोस. तुझं रडणं ऐकून इथे खुर्चीतला पेशंट घाबरलाय."

आत्या दातांची डॉक्टर होती. उंच, गुडघ्यांनी अधू, जिभेनं अजिबात नाही. तिनं पेशंटच्या तोंडातला कापूस काढला, त्याला घरी पाठवलं आणि चपला घातल्या.

२

वॉचमननं शिल्पशाळेचं कुलूप काढलं आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबला.

"बाई, हात लावू नका हं. चौकशी व्हायचीय."

"मी काय करायला आलेय? हळदीकुंकवाला?"

आत लांबलचक खोली, उंच खिडक्या, ओल्या मातीचा वास. मधल्या चौथऱ्यावर लोखंडी सांगाडा उघडा पडला होता, खांद्यांवर मातीचे लचके. शेजारी एक सळई. खाली ढेकळांचा ढीग, आणि ढिगाच्या कडेला ते अवाढव्य डोकं, तोंड जमिनीकडे.

आत्या गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी डोकं उलटलं. नाक चेपून गालाला टेकलेलं, मिशी सपाट. मागच्या बाजूला सळईचे खोल घाव, मानेवर घाव, छातीच्या ढेकळांवर घाव. चेहऱ्यावर एकही नाही.

"वॉचमनदादा, तुम्हाला कुणाचा राग आला आणि हातात सळई असली, तर पहिली कुठे मारणार?"

"तोंडावर," वॉचमन झटकन म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून इकडे तिकडे बघायला लागला.

"मीपण. म्हणजे हे डोकं आधी पडलंय तोंडावर. मारलंय नंतर, पडल्या जागी." तिनं मातीचं एक ढेकूळ मुठीत दाबलं. बोटांचे ठसे लोण्यात उमटावेत तसे उमटले. "धरणं सुरू होऊन किती दिवस झाले?"

"झाले की बरेच. माझी तर झोप उडालीय घोषणांनी."

दाताच्या डॉक्टरला एक खोड असते. पोकळी दिसली की बोट घालायचंच. तिनं थोरल्या साहेबांच्या कानात बोट घातलं. नखाला टणक काहीतरी लागलं. ओढून काढलं तर पांढरा खडा, बोराएवढा. प्लास्टर. हनुवटीच्या खाली आणखी दोन. तिनं एक खडा नखानं फोडला. आतून कोरडी पांढरी भुकटी भुरभुर सांडली.

ती भुकटीकडे बघत राहिली आणि हळूच हसली.

"काय सापडलं, बाई?"

"कीड. मला सांगा, काल तुम्ही काय बघितलं?"

"पोरगी संध्याकाळी बादली घेऊन आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, हात ओले. मी कुलूप लावलं. सकाळी सर आले, त्यांनीच आरडाओरडा केला."

"मधे कुणी?"

"या दारानं? चिटपाखरू नाही. किल्ली माझ्या कमरेला."

"या दारानं म्हणजे? दुसरं दार आहे?"

वॉचमन बुचकळ्यात पडला. "दुसरं दार कसलं? ती तर सरांची केबिन."

त्यानं बोट दाखवलं. खोलीच्या टोकाला, मोठ्या कपाटाआड, एक अरुंद दार होतं.

३

सर केबिनमध्ये होते. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर रेशमी उपरणं, भिंतीभर मानपत्रं. आत्याला बघून उठले, अर्धवट.

"या, बसा. वाईट वाटतं हो. गुणी मुलगी, पण डोक्यात राख घालून घेतलेली. मी तिला पोटच्या पोरीसारखं..."

"आधी हात धुते," आत्या म्हणाली. हात मातीनं बरबटलेले होते. कोपऱ्यात बेसिन होतं.

"नको, नको! ते तुंबलंय." सर पटकन आडवे आले. "प्लंबरला सांगितलंय. जुनी इमारत, काय करणार."

बेसिनमध्ये गढूळ पाणी काठोकाठ साचलं होतं. आत्यानं ते बघितलं आणि हात रुमालाला पुसले.

"तुमच्या दारातून शिल्पशाळेत जाता येतं म्हणे."

"येतं की. पण रात्रभर केबिनला कुलूप होतं. एक किल्ली माझ्याकडे, एक..." त्यांनी आवाज खाली आणला. "बोलू नये, पण तुम्ही पालक आहात म्हणून. एक किल्ली आमच्या टॉपरकडे असते. हुशार पोरगा. धरण्यात नाही. पण ही पोरं त्याला फितूर म्हणून छळतात. छळाला कंटाळून माणूस काय करेल, सांगता येत नाही."

"म्हणजे एकतर माझी भाची, नाहीतर तुमचा टॉपर."

"मी कुणाचं नाव घेत नाही."

"नाही, तुम्ही फक्त दोन पोरं पुढे ढकलली." आत्या उठली. "आणि साचा कोण काढणार होतं, सर? मातीचा पुतळा झाला की त्याच्यावर प्लास्टरचा साचा काढतात ना? अनावरणाचा समारंभ तोंडावर आलाय, पोरं फाटकात बसलीत."

सरांचा हात मानपत्राची चौकट सरळ करायला गेला. ती आधीच सरळ होती.

"मी आहे ना. मी शिल्पकार आहे, बाई."

४

टॉपर वाचनालयाच्या जिन्यावर एकटाच बसला होता. कुणी शेजारी बसू नये अशी सवय लागलेल्या माणसासारखा.

"तू फोडलास?" आत्यानं सरळ विचारलं.

"मी? पुतळा?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "त्याचा डावा डोळा मी केलाय. बाकी सगळ्यांनी मिळून केलंय, पण डावा डोळा माझा."

"किल्ली तुझ्याकडे होती."

"होती. काल दुपारी सरांनी परत मागून घेतली."

"साचा काढायचं तुला सांगितलं होतं?"

तो नखं कुरतडायला लागला. "सांगितलं. मी म्हटलं, एकट्यानं होत नाही. ओल्या मातीचं एवढं मोठं डोकं. चौघं लागतात, चारी बाजूंनी सारखा पातळ थर देत जायचं, आधार लावायचे. एकाच अंगाला ओझं टाकलं तर डोकं खाली येतं. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"काही नाही. माझी परीक्षा आहे, आत्या. मला जाऊ द्या." आणि तो खरंच उठून गेला.

अध्यक्षांच्या दालनाबाहेर थापी बाकावर बसली होती, आरोपीच्या पिंजऱ्यात बसल्यासारखी ताठ. आत्या शेजारी बसली. बाक करकरला.

"बादलीत काय होतं?"

"काही नाही."

"बाळ, मी रोज माणसांची तोंडं उघडते. तुझंपण उघडेन, चिमटा घेऊन. ती माती अजून लोण्यासारखी आहे. इतके दिवस कुणी हात लावला नाही म्हणता, मग ती सुकून तडकायला हवी होती. रोज कुणीतरी ओली फडकी गुंडाळत होतं. कोण?"

थापीनं तोंड फिरवलं.

"माती मरते, आत्या. नाही भिजवली की मरते. ती काय अध्यक्षांची आहे? आम्ही तुडवली, आम्ही मळली. पुतळा त्यांचा असेल. मला बघवेना."

"मग सांग की हे आत!"

"आणि बाहेर? शपथ मीच घालून दिली होती, कुणी बोट लावायचं नाही म्हणून. टॉपरला फितूर म्हणणारी मीच. आता मीच संध्याकाळी चोरून पुतळ्याला पाणी पाजते म्हणून सांगू? कॉलेजातून काढलं तर एक कॉलेज जाईल. हे कळलं तर धरणंच मोडेल. तोफ तर मला उभी जाळेल." तोफ म्हणजे घोषणा देणारा तिचा मित्र. त्याचा आवाज इथवर ऐकू येत होता.

दालनाचं दार उघडलं. शिपाई म्हणाला, "चला, बोलावलंय."

"काही बोलू नकोस मग," आत्या पुटपुटली. "तोवर मी बोलते."

५

अध्यक्ष टेबलामागे, सर त्यांच्या उजवीकडे, एक कारकून डावीकडे. या तिघांची मिळून चौकशी समिती. म्हणजे सासरा, जावई आणि होयबा.

"मुलीचं नाव थापी," अध्यक्ष म्हणाले. "नावातच थापा आहेत, तर बोलण्यात काय असणार? बोला बाई, लवकर आटपा. माझ्या वडिलांचा अपमान झालाय."

"झालाय खरा," आत्या म्हणाली. "मला शिल्पशाळेतलं एक घमेलं, प्लास्टरचं पोतं आणि एक तांब्या पाणी मागवून द्या. आणि टॉपरला बोलवा."

"हे काय, स्वयंपाक करणार आहात?"

"दाताचे साचे काढण्यात माझं आयुष्य गेलंय, साहेब. सरांसारखा मोठा कलावंत समोर आहे. म्हटलं, प्लास्टर कालवतात कसं ते एकदा त्यांच्याकडून बघावं. एवढं झालं की आमचं म्हणणं संपलं. मग खुशाल काढून टाका पोरीला."

सर हसले. चांगलं हसायचा प्रयत्न केला. "हा पोरखेळ आहे. मी इथे परीक्षा द्यायला..."

"दाखवा हो, जावईबापू!" अध्यक्ष वैतागले. "दोन मिनिटांचं काम. बाईंचं तोंड तरी बंद होईल."

सामान आलं. टॉपर दारात उभा राहिला, नजर खाली. सरांनी रेशमी उपरणं काढून खुर्चीवर ठेवलं. बाह्या दुमडल्या. घमेल्यात ओंजळीनं प्लास्टरची भुकटी टाकली, चांगला ढीग केला. मग तांब्या उचलला आणि ढिगावर पाणी ओतलं.

"सर, उलटं!" टॉपरच्या तोंडून निसटलं. त्यानं तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता.

"बोल ना बाळा," आत्या म्हणाली. "उलटं म्हणजे कसं?"

टॉपर थापीकडे बघायला लागला. तीच बोलली, रोखठोक. "आधी पाणी घ्यायचं. मग भुकटी चिमटीचिमटीनं भुरभुरवायची. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. भुकटीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात, आत कोरड्याच राहतात."

आत्यानं घमेल्यात हात घातला, एक गुठळी काढली, टेबलावर फोडली. भुकटी सांडली. मग पर्समधून रुमाल काढला आणि शिल्पशाळेतून आणलेला खडा शेजारी ठेवून तोही फोडला. तसाच.

"हा थोरल्या साहेबांच्या कानातून निघाला. जो पुतळा फोडायला येतो, तो आधी त्याला प्लास्टर लावत बसत नाही. काल कुणीतरी साचा काढायला आलं होतं, आणि ज्यानं हात घातला त्यानं जन्मात प्लास्टर कालवलेलं नव्हतं. म्हणजे ही पोरगी नाही, हा पोरगा नाही, बाहेर बसलेल्यांतलं एकही नाही. घट्ट गोळे एका अंगानं थापले, चेहऱ्यावर. ओझ्यानं डोकं खाली आलं, नाकावर. मग घाबरून लावलेलं प्लास्टर खरवडून काढलं, आणि पोरांच्या माथी मारता यावं म्हणून सळईनं बाकीचं फोडलं. खरवडलेलं प्लास्टर आणि घमेल्याचं धुणं केबिनच्या बेसिनमध्ये ओतलं. ते आता नळीत दगड होऊन बसलंय. प्लंबर येईल तेव्हा सगळ्यांनी बघायला या."

"सर मला म्हणाले होते," टॉपर एका दमात बोलून गेला, "तुम्हा पोरांवाचून माझं अडत नाही. मीच काढतो साचा."

सरांचे पांढरे हात घमेल्यावर तसेच लोंबत होते. बोटांवर प्लास्टर सुकायला लागलं होतं.

अध्यक्ष जावयाकडे बघत होते. "माझ्या बापाला... सळईनं?" आवाज फाटला. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली, एका चौकातल्या अनावरणाचा फोटो, आणि तिथे खिळली. "आणि हे चौकातले सगळे पुतळे? हे कुणी केले?"

"दर वर्षी जी पोरं शिकत होती त्यांनी," थापी म्हणाली.

६

मोठी माणसं फार लवकर सावरतात. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला आणि आवाजात साखर कालवली.

"झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे, घरात राहू द्या. मुलीवरचा आरोप मागे. गुण उत्तम मिळतील. अपघातानं पुतळा पडला, असं आपण सांगू. धरणं आज उठवा."

"नाही," थापी म्हणाली.

"नाही?"

"फाटकात येऊन माइकवर सांगा. कुणी फोडला आणि कुणाच्या हातच्या कामावर कुणी सह्या ठोकल्या. मग उठू."

अध्यक्षांनी फोन उचलला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. "मास्तर? तुमची मुलगी इथे माझ्यासमोर उर्मटपणा करतेय. तुम्ही आमच्या शाळेत आहात, हे तिला आठवत नाहीसं दिसतं. समजवा तिला."

भावाची मान ती लहानपणापासून ओळखत होती.

फोनमध्ये शाळेचा गलका ऐकू आला. मग मास्तरांनी विचारलं, "साहेब, तिनं पुतळा फोडला का?"

"नाही, ते आता निराळं..."

"ती खोटं बोलतेय का?"

"मास्तर, प्रश्न तो नाही."

"मग समजवायचं काय, साहेब? माझा तास आहे. पोरं वाट बघतायत." आणि फोन बंद झाला.

थापीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती ते पुसायला थांबली नाही. दार उघडून तडक फाटकाकडे निघाली. आत्या पाय ओढत मागे. टॉपर त्यांच्याही मागे, अंतर ठेवून.

फाटकात सगळी पोरं उठून उभी राहिली. थापीनं माइक घेतला. आधी पुतळ्याचं सांगितलं. आरोळ्या उठल्या, कुणी डबे वाजवले, कुणी तिला उचलायला धावलं. तिनं हात वर केला.

"थांबा. अजून आहे. मी शपथ मोडली. रोज संध्याकाळी आत जाऊन मी माती भिजवत होते. फडकी गुंडाळत होते. ज्याला फितूर म्हटलं त्यानं नाही, मी हात लावला. आता तुम्ही ठरवा."

मागून कुणीतरी शब्द टाकलाच, "फितूर!"

तोफ पुढे आला. रुंद छाती, घसा बसलेला. थापीसमोर उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. आत्यानं मनात त्याच्या दोन दाढा मोजून ठेवल्या, वेळ पडली तर.

"फडकी पिळून लावत होतीस का गळती?" त्यानं विचारलं.

"पिळून."

"कानांच्या मागे?"

"तिथे दोन पदर."

तोफनं मान हलवली. घसा खाकरला आणि सगळ्यांकडे वळला. "शिक्षा झालीच पाहिजे. आजपासून ही सगळ्यात पुढे बसेल. पोलिस आले तर पहिली काठी हिला. मान्य?"

"मान्य!" फाटक हादरलं.

"आणि तो?" कुणीतरी दूर उभ्या टॉपरकडे बोट दाखवलं.

थापी स्वतः गेली, त्याचा हात धरून त्याला ओढत आणलं आणि आपल्या शेजारी जागा केली. एकानं सरकून सतरंजीचं टोक त्याच्याकडे टाकलं.

इतक्यात अध्यक्षांची गाडी फाटकाशी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. काच खाली झाली. मागे अध्यक्ष होते, शेजारी सर, उपरणं तोंडावर.

"बाई," अध्यक्ष आत्याला म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित आहात. या पोरांना बाजूला व्हायला सांगा. नाहीतर मला उचलायला माणसं बोलवावी लागतील."

आत्यानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा भाचीकडे. मग थापीच्या खांद्याचा आधार घेत, दोन्ही गुडघ्यांच्या नावानं बोंब मारत, ती गाडीच्या बरोबर समोर जमिनीवर बसली. पदर सारखा केला.

"बोलवा," ती म्हणाली. "मी एकदा खाली बसले की मला उठवायला घरचीच चौघं लागतात. तुम्ही जरा जास्त बोलवा."